झोके घेणारं पातं: खीळ कुठे, फ्लॅप कधी

एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या आकाराचं पातं, एका कोनात घट्ट धरून लिफ्ट, म्हणजे प्रवाहाच्या आडव्या दिशेचं बल, मोजणं सोपं. तेच पातं खिळीभोवती, म्हणजे आपल्या फिरण्याच्या अक्षाभोवती, नाक वर-खाली करू लागलं आणि मागच्या कडेचा बिजागरीवरचा तुकडा, म्हणजे फ्लॅपही, आपल्या तालात हलू लागला, की स्थिर प्रयोगातला तक्ता अपुरा पडतो. लिफ्ट आता फक्त कोनावर ठरत नाही. कोन किती वेगाने बदलतोय, पातं कुठल्या बिंदूभोवती फिरतंय आणि मागे सोडलेल्या भोवऱ्यांची माळ अजून किती जवळ आहे, हे सगळं हिशेबात येतं. हेलिकॉप्टरचं पातं प्रत्येक फेरीत हेच करतं. झोताच्या वाऱ्यात देवगडच्या पठारावरच्या पवनचक्कीचं पातं जवळपास हेच सोसतं.

अशा हलत्या पात्याची लिफ्ट मोजायचा प्रयोग कोकणातल्या साध्या साधनांत नीट बसतो, कारण तो हवेपेक्षा पाण्यात सोपा जातो. पाण्यात वेग कमी ठेवूनही बल मोजण्याइतकं मिळतं आणि झोका इतका सावकाश असतो की स्वस्त मोटर पुरते. फक्त एक गोष्ट सुरुवातीपासून ध्यानात ठेवायची. झोके सावकाश असतील तर खीळ सरकवल्याने लिफ्टचा आकडा फारसा बदलत नाही, बदलते ती तिची फेज, म्हणजे झोक्याच्या मानाने ती किती पुढे-मागे चालते ते. त्यामुळे एका खिळीसाठी बसवलेली फ्लॅपची चाल दुसऱ्या खिळीला जशीच्या तशी लावली की गणित फसतं.

आधी कागदावरचा हिशेब

झोक्याचा वेग सांगायला रिड्यूस्ड फ्रीक्वेन्सी वापरतात. इथे तिला ‘के’ म्हणू. के म्हणजे ३.१४ गुणिले फ्रीक्वेन्सी गुणिले कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची पात्याची रुंदी), भागिले प्रवाहाचा वेग. कॉर्ड १०० मिमी, वेग सेकंदाला ०.३ मीटर आणि के ०.२ हवा असेल, तर फ्रीक्वेन्सी ०.१९ हर्ट्‌झ येते, म्हणजे एका झोक्याला सुमारे ५.२ सेकंद. पूर्ण झोका ३६० अंशांचा धरला की या तालात १ अंश फेज म्हणजे साधारण १४.५ मिलिसेकंद. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे सारखा लागेल.

खिळीचा परिणाम पकडायचा तर पाऊण कॉर्डवर नजर ठेवा. पातळ एअरफॉइलच्या गणितात भोवऱ्यांतून येणारी लिफ्ट पुढच्या कडेपासून ७५ टक्के कॉर्डवर जो कोन दिसतो त्याप्रमाणे ठरते. खीळ पुढच्या कडेला असेल आणि नाक वर जात असेल, तर पाऊण कॉर्डचा बिंदू खाली सरकत असतो, म्हणून तिथे कोन जास्त दिसतो. हा जादा कोन म्हणजे कोनाचा वेग गुणिले खिळीपासून पाऊण कॉर्डपर्यंतचं अंतर, भागिले प्रवाहाचा वेग. वरच्या मापांत ५ अंशांचा झोका (मध्यापासून दोन्ही बाजूंना ५-५ अंश) घेतला तर कोनाचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ६ अंश होतो. मग जादा कोन पुढच्या कडेच्या खिळीला १.५ अंश, पाव कॉर्डला १, मध्यावर अर्धा आणि पाऊण कॉर्डला शून्य. कोनाचा वेग कोनाच्या पाव झोका पुढे चालतो, म्हणून हा जादा कोन लिफ्टला फेजमध्ये पुढे ओढतो.

त्याच्या उलट ओढणारी गोष्ट म्हणजे मागे सुटलेले भोवरे. के ०.२ असताना ते भोवऱ्यांची लिफ्ट पाऊणपटीवर आणतात आणि तिला सुमारे १४.५ अंश मागे टाकतात. त्यात पात्याबरोबर ढकललं जाणारं पाणी, म्हणजे अ‍ॅडेड मास, आपली भर घालतं. या तिन्हींची बेरीज थिओडोर थिओडोरसन यांनी १९३५ साली अमेरिकेच्या नाका (एनएसीए) या विमानविद्येच्या संशोधन संस्थेच्या ४९६ क्रमांकाच्या अहवालात मांडली, तीही फ्लॅपसकट. आजही पहिला हिशेब त्याच सूत्रांनी करावा. संगणकाला पाच-दहा ओळी पुरतात.

के ०.२ आणि २५ टक्के कॉर्डचा फ्लॅप धरून ती सूत्रं चालवली तर असे आकडे येतात. लिफ्ट कोइफिशंट (पात्याचं क्षेत्रफळ आणि प्रवाहाचा जोर यांनी भागलेली लिफ्ट) दर रेडियनला, म्हणजे सुमारे ५७ अंशांना, दिला आहे. स्थिर पात्यासाठी तो ६.२८ असतो.

खीळ पुढच्या कडेला: लिफ्ट ४.८७, कोनाच्या ९.६ अंश पुढे.
खीळ पाव कॉर्डवर: ४.७६, ४.३ अंश पुढे.
खीळ मध्यावर: ४.६९, १.२ अंश मागे.
खीळ पाऊण कॉर्डवर: ४.६७, ६.९ अंश मागे.
नुसता फ्लॅप हलवला: २.८६, फ्लॅपच्या कोनाच्या ८.३ अंश मागे.

पहिल्या आणि चौथ्या ओळीत लिफ्टचा फरक ४ टक्क्यांचा आहे. फेजचा फरक मात्र १६.५ अंशांचा, म्हणजे आपल्या तालात जवळजवळ पाव सेकंद. के ०.५ वर नेला की चित्र बदलतं: याच दोन खिळींत लिफ्ट ५.०४ आणि ४.२० अशी वेगळी होते आणि फेजमधली दरी ३४ अंशांच्या वर जाते. म्हणून सुरुवात ०.२ नेच करावी. एका वेळी एकच गोष्ट हलताना दिसली की समजायला बरं.

आता फ्लॅप. समजा झोक्यामुळे येणारी लिफ्ट फ्लॅपने पूर्ण मारायची आहे. फ्लॅप उलट दिशेला हलवायचा हे उघड आहे; प्रश्न किती आणि कधी याचा. किती, याचं उत्तर चारही खिळींना जवळपास सारखंच: झोक्याच्या १.६३ ते १.७० पट. ५ अंशांच्या झोक्याला फ्लॅप ८.२ ते ८.५ अंश. कधी, याचं उत्तर मात्र खिळीगणिक वेगळं. बरोबर उलट फेजच्या किती पुढे फ्लॅप चालवायचा ते पाहा: पुढच्या कडेच्या खिळीला १८ अंश, पाव कॉर्डला १२.५, मध्याला ७ आणि पाऊण कॉर्डला दीडेक अंश. पाव कॉर्डची चाल पाऊण कॉर्डच्या खिळीला तशीच लावली तर ११ अंशांची चूक होते आणि जी लिफ्ट शून्य व्हायची ती २० टक्के शिल्लक राहते. फ्लॅप छोटा पडला असं वाटून लोक त्याचा कोन वाढवत बसतात. तो वाढवून काही होत नाही, कारण उरलेली लिफ्ट पाव झोका बाजूला असते.

लिफ्ट मेली म्हणून मोमेंट, म्हणजे पात्याला फिरवू पाहणारा जोर, मरत नाही, हेही इथेच नोंदवा. २५ टक्क्यांचा फ्लॅप पाव कॉर्डभोवती दर रेडियनला सुमारे ०.६५ इतका मोमेंट कोइफिशंट देतो. फ्लॅप खाली गेला की नाक दाबणारा, वर गेला की नाक उचलणारा. लिफ्ट मारायला फ्लॅप ८.३ अंश वर नेला की ०.०९ च्या आसपास मोमेंट पदरात पडतो. खऱ्या पात्यात हाच पीळ बनतो.

हौद

नारळी-पोफळीच्या आगरातला शिंपण्याचा चिरेबंदी हौद या कामाला चांगला, आतून सिमेंटचा गिलावा असेल तर आणखी चांगला. लांबी ८ मीटर, रुंदी किमान १ मीटर, पाण्याची खोली ६०० मिमी. पाणी स्थिर, पातं गाडीवरून ओढायचं.

लांबी ठरवताना फसगत होते ती अशी. एका झोक्याला लागणारं अंतर ३.१४ गुणिले कॉर्ड भागिले के इतकं असतं. वेगाचा त्यात संबंधच नाही. १०० मिमी कॉर्ड आणि ०.२ के म्हणजे झोक्याला १.५७ मीटर. गाडी सावकाश चालवली की जास्त झोके मिळतील असं वाटतं, पण मिळत नाहीत. ८ मीटरमधून वेग घ्यायला आणि थांबायला लागणारी जागा वजा केली की चार झोके हाती लागतात. त्यातला पहिला सोडून द्यायचा, कारण भोवऱ्यांची माळ अजून तयार झालेली नसते. म्हणजे कामाचे तीन. ४ मीटरच्या टाकीत हा प्रयोग करायचाच असेल तर कॉर्ड कमी करा.

पाणी गोडंच घ्या. खाडीचं पाणी जड असतं म्हणून बल थोडं जास्त मिळतं, पण बेअरिंग, बोल्ट आणि वायरचे जोड महिनाभरही टिकत नाहीत. पाण्याचं तापमान दर वेळी लिहा. ३० अंशांच्या पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेने भागलेला चिकटपणा) ०.८ असते, पुस्तकातल्या २० अंशांच्या पाण्याची १.०, दोन्ही सेकंदाला चौरस मीटरच्या दशलक्षांशात. म्हणून आपल्याकडे ०.३ मीटर वेगाला रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले कॉर्ड, भागिले ही व्हिस्कॉसिटी) ३७ हजारांच्या आसपास येतो, पुस्तकी ३० हजार नव्हे. या पट्ट्यात नाका ००१२ (नाका संस्थेने ठरवलेला, कॉर्डच्या १२ टक्के जाडीचा आकार) सारखं गुळगुळीत पातं शून्य कोनाजवळ लहरी वागतं, लिफ्टची रेघ सरळ येत नाही. पुढच्या कडेपासून ५ ते १० टक्क्यांवर दोन्ही बाजूंना बारीक सँडपेपरची ३ मिमी पट्टी चिकटवली की वागणूक बरीच सुधारते.

वेळ सकाळची. मतलई वारा पडल्यावर आणि खारे वारे सुरू होण्याआधी जो निवांत वेळ मिळतो, त्यातच मोजणी उरकावी. दहा-अकराला वारा लागला की पृष्ठभागावर बारीक लाटा येतात आणि ६० ग्रॅमच्या लिफ्टमध्ये त्या स्पष्ट दिसतात. दोन फेऱ्यांमध्ये दहा मिनिटं तरी पाणी शांत होऊ द्या. पावसाळ्यात उघड्या हौदावर हे काम होत नाही.

पातं आणि फ्लॅप

नाका ००१५ घ्या, कॉर्ड १०० मिमी, लांबी ४०० मिमी, उभं टांगायचं. ००१२ पेक्षा ते जाड आहे, त्यामुळे आत सळई बसते आणि पातं ताठ राहतं. थ्रीडी प्रिंटर असेल तर पीईटीजी प्लास्टिक वापरा. पीएलए प्लास्टिकचं पातं मे महिन्यात बंद गाडीत राहिलं की वाकतं. प्रिंटर नसेल तर मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या बंदरात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर असतात. त्यांच्याकडचं रेझिन आणि काचतंतूंची मॅट पुरेसं आहे, साचा मात्र आपण नीट घासून द्यायचा. मॅट दमट असेल तर रेझिन बसत नाही आणि पांढुरके डाग राहतात. वापरण्याआधी ती उन्हात कडकडीत वाळवून घ्यावी.

पातं पोकळ असेल तर एक तर पूर्ण सील करा, नाही तर खाली-वर भोकं पाडून पूर्ण पाणी भरू द्या. अर्धवट गळणारं पातं सगळ्यात वाईट, कारण दर फेरीला त्याचं वजन बदलतं.

फ्लॅप मागचा २५ मिमी. बिजागरीसाठी ३ मिमी स्टेनलेस सळई आणि पितळी नळीचे तुकडे. फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी ठेवा आणि वरून लॅटेक्सच्या हातमोज्याची पट्टी रबर सोल्युशनने चिकटवून बंद करा. सेलोटेप पाण्यात तासाभरात सुटते. फट उघडी राहिली तर दाबाच्या बाजूचं पाणी पलीकडे निसटतं आणि फ्लॅपची ताकद उतरते. कागदावर २५ टक्क्यांच्या फ्लॅपचा एक अंश पात्याच्या ०.६१ अंशाइतका असतो. प्रत्यक्षात तेवढं कधीच मिळत नाही, म्हणून ते गुणोत्तर स्थिर प्रयोगात मोजून घ्या आणि पुढे तेच वापरा.

पात्याच्या खालच्या टोकाला ३ मिमी अ‍ॅक्रिलिकची २५० मिमी व्यासाची तबकडी लावा, तशीच एक वर, पाण्याच्या पातळीखाली १० ते १५ मिमीवर. वरची तबकडी नसेल तर पातं पृष्ठभाग खेचतं आणि लाट बनवण्यात लिफ्ट खर्च होते.

खिळीची पट्टी

खीळ पात्यातून आरपार नेण्याचा मोह टाळा. पाऊण कॉर्डवर ००१५ ची जाडी जेमतेम ८ मिमी उरते, शिवाय तिथेच फ्लॅपची बिजागरी आहे. त्याऐवजी पातं ६ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली टांगा आणि खिळीची भोकं पट्टीत पाडा: ०, २५, ५० आणि ७५ टक्क्यांवर, म्हणजे दर २५ मिमीला. मोटरचा शाफ्ट त्यातल्या हव्या त्या भोकावर फ्लँजने बसतो. पातं, फ्लॅप, लोड सेल (बल मोजणारे सेन्सर) यांना हात न लावता खीळ बदलता येते, आणि तुलना खरी ठरायला हेच हवं.

फ्लॅपची मोटरही याच पट्टीवर बसवा, म्हणजे ती पात्याबरोबर फिरेल आणि फ्लॅपचा कोन नेहमी पात्याच्या सापेक्ष राहील. ती गाडीवर बसवली तर झोक्याचा कोन फ्लॅपमध्ये मिसळतो. ती थेट बिजागरीच्या डोक्यावर मात्र नको, ७५ टक्क्यांच्या भोकावर शाफ्टला जागा लागते. बाजूला ६० मिमी सरकवून समान लांबीच्या दोन दांड्यांनी जोडा.

खीळ जसजशी मागे जाते तसा पट्ट्याचा आणि गिअरचा ढिलेपणा वेगळा वागतो. होडीच्या सुकाणूचा दांडा पुढच्या कडेला असला की पाणीच सुकाणू सरळ करतं. दांडा फार मागे घेतला की सुकाणू हातातून निसटून वळायला पाहतं. इथेही तसंच. खीळ पुढे असताना पाणी ढिलेपणा एका बाजूला दाबून धरतं, त्यामुळे तो दिसत नाही. पाव कॉर्डवर स्थिर मोमेंट जवळपास शून्य असतो, म्हणून पातं त्या ढिलेपणात तरंगतं आणि आलेखात बारीक खरखर दिसते. मध्यावर आणि पाऊण कॉर्डवर पाणी कोन वाढवायलाच बघतं, आणि सांगितलेल्या ५ अंशांऐवजी पातं ५.५ अंश जातं. खेळण्यातल्या सर्व्होचा (सांगितलेला कोन धरणाऱ्या छोट्या मोटरचा) ढिलेपणा अंशभर सहज असतो. झोक्यासाठी नेमा २३ मापाचा स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) आणि ताणलेला टायमिंग बेल्ट घ्या. फ्लॅपला सर्व्होच वापरायचा असेल तर हलक्या स्प्रिंगने त्याला एका बाजूला ओढून धरा.

मोजणी

पट्टी आणि पात्याच्या मध्ये १ किलोचे दोन बार लोड सेल लावा, एकमेकांपासून ६० मिमी पुढे-मागे, दोन्ही पात्याच्या आडव्या दिशेचं बल मोजतील असे. बेरीज म्हणजे नॉर्मल फोर्स, फरक गुणिले अंतराचा अर्धा म्हणजे दोघांच्या मध्याभोवतीचा मोमेंट. एका सेलचा जोड घट्ट ठेवा, दुसऱ्याचा पातळ पत्र्यातून लवचीक. दोन्ही घट्ट केले तर बोल्ट आवळतानाच सेल एकमेकांना पिळतात. सेलवर ऊन पडू देऊ नका, शून्य सरकतं. प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर शून्य नोंदवा.

कोनासाठी दोन्ही अक्षांवर एएस ५६०० हे चुंबकी एन्कोडर लावा. एक फेरी ४०९६ भागांत मोजतात, म्हणजे ०.०९ अंशापर्यंत. मोटरला दिलेला हुकूम हा कोन नव्हे. सर्व्हो हुकमाच्या १०० मिलिसेकंद मागे असेल तर आपल्या तालात ती ७ अंशांची चूक आहे, आणि आपण शोधतोय तो फरकच तेवढा आहे.

लोड सेलचा संकेत आकड्यात बदलणाऱ्या एचएक्स ७११ मॉड्यूलमध्ये आणखी एक खोच आहे. बाजारातली बहुतेक मॉड्यूल सेकंदाला १० सॅम्पलवर जोडलेली येतात. त्या सेटिंगला आकडा स्थिरावायला ४०० मिलिसेकंद लागतात, ८० सॅम्पलला ५०. रेट पिन ग्राउंडपासून सोडवून वरच्या व्होल्टेजला जोडावी लागते. हे न करता काढलेल्या आलेखात लिफ्ट सगळ्याच खिळींना मागे पडलेली दिसते आणि माणूस थिओडोरसनला दोष देतो.

उरलेला उशीर मोजायचा उपाय सोपा आहे. पातं काढा, सेलखालच्या पट्टीवर खिळीपासून १५० मिमीवर अर्धा किलोचं वजन आवळा आणि हवेत १ हर्ट्‌झने १० अंशांचा झोका द्या. येणारं बल फक्त जडत्वाचं, सुमारे अर्धा न्यूटन, आणि ते कोनाशी बरोबर ० किंवा १८० अंशांत असायला हवं. जेवढं हटलं तेवढा उशीर इलेक्ट्रॉनिक्सचा. १ हर्ट्‌झला एक अंश म्हणजे २.८ मिलिसेकंद, तो मिलिसेकंदात काढा आणि पाण्यातल्या प्रत्येक आकड्यातून वजा करा. शाफ्ट ओळंब्याने उभा आहे ना ते आधी पाहा. कललेला असेल तर गुरुत्व आत शिरतं.

वीज २४ व्होल्टच्या बॅटरीवरून घ्या. लाइनवर व्होल्टेज खाली-वर झालं की स्टेपर पावलं चुकवतो आणि ते आलेख पाहूनही लक्षात येत नाही. वायरचे जोड टिन केलेले, हीटश्रिंकमध्ये, वरून सिलिकॉन ग्रीस. लोखंडी अँगलच्या रुळापेक्षा अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचा रूळ महाग पडतो, पण खाऱ्या हवेत दुसरा मोसम पाहतो.

फेऱ्यांचा क्रम

पहिल्यांदा स्थिर कोन: उणे ८ ते अधिक ८ अंश, दोन-दोनच्या टप्प्याने, फ्लॅप शून्यावर, मग कोन शून्य ठेवून फ्लॅप तसाच. उतार ६.२८ येणार नाही, ४०० मिमीचं पातं अनंत लांब नसतं. जो येईल तो तुमचा शंभर टक्के, पुढची सगळी तुलना त्याच्याशी.

मग हवेत कोरडी फेरी, प्रत्येक खिळीसाठी, त्याच तालात. हे पात्याच्या जडत्वाचं बल, ते वजा करायचं. के ०.२ ला ते एखादाच टक्का असतं, पण फ्रीक्वेन्सीच्या वर्गाने वाढतं. के १ वर गेलात तर ते पंचवीसपट झालेलं असेल. पाण्याचं अ‍ॅडेड मास मात्र वजा करू नका, तो उत्तराचाच भाग आहे.

त्यानंतर पाण्यात नुसता झोका, ५ अंश, चारही खिळी. प्रत्येक फेरीतल्या शेवटच्या तीन झोक्यांवर लीस्ट स्क्वेअरने (चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी होईल अशी) साइन बसवा आणि आकार व फेज काढा. कमाल बिंदू डोळ्यांनी पाहून फेज काढू नये, शिखरावर रेघ सपाट असते आणि पाच-सहा अंश कुठेही जातात. चार खिळींच्या फेज वरच्या यादीप्रमाणे ओळीने मागे सरकायला हव्यात. सगळ्या सारख्याच अंशांनी हटल्या असतील तर उशीर नीट वजा झालेला नाही. क्रमच चुकला असेल तर खिळीची मापं किंवा ढिलेपणा तपासा.

मग नुसता फ्लॅप, ८ अंश. मग दोन्ही एकत्र.

एकत्र फेरीआधी भाकीत लिहून ठेवा: झोक्याची लिफ्ट आणि फ्लॅपची लिफ्ट फेजसकट बेरीज करून. ही बेरीज आणि मोजलेला आकडा जुळले तर प्रवाह पात्याला चिकटून आहे आणि गणित चालतंय. जुळले नाहीत तर बहुधा फ्लॅपच्या वरच्या बाजूला प्रवाह सुटलाय. फ्लॅपचा कोन निम्मा करून पुन्हा पाहा. या एका चाचणीइतकं सांगणारी दुसरी चाचणी या प्रयोगात नाही.

मोठा झोका: जिथे बेरीज चालत नाही

सरासरी कोन १० अंश आणि झोका १० अंश केला की पातं स्थिर स्टॉलच्या, म्हणजे जिथे प्रवाह सुटून लिफ्ट पडते त्या कोनाच्या, पलीकडे जातं आणि खेळ बदलतो. कोन वाढत असताना पुढच्या कडेवर मोठा भोवरा तयार होतो, तो वर असेपर्यंत लिफ्ट स्थिर कमालीच्याही वर चढते. मग तो प्रवाहाच्या निम्म्याहून कमी वेगाने मागे सरकतो, नाक दाबणारा मोमेंट एकदम येतो, आणि लिफ्ट त्यानंतर कोसळते. मोमेंट आधी, लिफ्ट नंतर, हा क्रम आलेखात दिसलाच पाहिजे. परतीच्या वाटेवर लिफ्ट वेगळ्याच रेघेवरून येते.

खीळ मागे नेली की हा भोवरा उशिरा बनतो. कारण नाक वर जाताना पुढची कडच वर चढत असते आणि तिला दिसणारा कोन तेवढा कमी होतो. खीळ पुढच्या कडेवर असेल तर ही सवलत मिळत नाही. इथे खिळीचा परिणाम फक्त फेजचा राहत नाही, कमाल लिफ्टचाही होतो.

भोवरा पाहायचा असेल तर औषधाच्या दुकानातली सलाईनची नळी आणि बारीक सुई पुरते. दुधात खाण्याचा रंग घालून सुई पुढच्या कडेच्या किंचित पुढे धरा आणि बाटली उंच-खाली करून धार प्रवाहाच्या वेगाइतकी ठेवा. धार जोरात असेल तर तीच भोवरे बनवते. मोबाइल खालच्या तबकडीच्या दिशेने बघेल असा गाडीवरच बांधा.

फ्लॅपकडून या अवस्थेत फार अपेक्षा ठेवू नये. पुढच्या कडेचा भोवरा मागच्या कडेवरून थांबवता येत नाही. फ्लॅपला जमतं ते नाक दाबणारा झटका बोथट करणं: भोवरा पात्याच्या मागच्या अर्ध्यात असताना फ्लॅप वर उचलायचा आणि तो निघून गेला की परत आणायचा. इथे साइनची चाल उपयोगाची नाही, छोटा ठोका द्यावा लागतो. त्याची वेळ सूत्रातून येत नाही. त्या खिळीच्या मोमेंटच्या आलेखात झटका जिथून सुरू होतो तो कोन वाचायचा आणि सर्व्होचा उशीर धरून त्याआधी हुकूम सोडायचा. स्टॉलमधले झोके एकासारखा एक नसतात, म्हणून तीन झोक्यांची सरासरी इथे पुरणार नाही. निदान दहा फेऱ्या घ्या, आणि सरासरीबरोबर प्रत्येक फेरीचा स्वतंत्र आलेखही ठेवा, कारण एखाद्या फेरीतला खरा झटका सरासरीत अर्धा होऊन दिसतो.